बसल्या जागी पैसे!

गणपती बसायच्या आदल्या रात्री अकराच्या सुमारास भाच्याचा फोन आला. पोरगा पुण्याला वसतिगृहात राहून इंजिनियरिंग शिकतो. हुशार, जरासा अबोल. "मामा, आईला एवढ्यात सांगू नकोस," अशी सुरुवात झाली, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. फीच्या पैशांतले ४२,००० रुपये त्याने अनोळखी माणसांच्या खात्यांत भरले होते, आणि तेही आपल्या हाताने!

हकीगत ऐकण्यासारखी आहे, कारण हल्ली ती बऱ्याच घरांत घडते. प्रथम व्हॉट्सअॅपवर कुणा गोडबोल्या बाईंचा निरोप आला: घरबसल्या काम, हॉटेलांना चांगले शेरे द्यायचे, दर शेऱ्याला ५० रुपये. पहिल्याच दिवशी १५० रुपये खरोखरच खात्यात जमा झाले. इथेच पोर फसले. भामटा नेहमी घेतो अशी आपली समजूत. हा नव्या जमान्यातला भामटा आधी देतो! मग टेलिग्रामवरच्या एका गटात त्याला घेतले. तिथे मंडळी 'मला आज इतके मिळाले' म्हणून पावत्या दाखवीत होती. ती सारी एकाच टोळीची सोंगे, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? पुढे 'आधी भरा, मग मिळवा' असे काम आले. १,००० भरले, १,३०० परत आले. मग ५,००० भरले, मग १२,०००; आणि आता पैसे परत येईनात. पडद्यावर मात्र त्याच्या नावे ६०,००० जमा दिसत होते! ते काढायचे, तर आधी २५,००० कर भरा म्हणे. भरला. तो ६०,००० चा आकडा भामट्यांनीच लिहिलेला. त्यामागे एक रुपयाही नव्हता.

शिकलासवरलेला मुलगा असा फसतो कसा, असे आपण सहज म्हणतो. शेवटचे पैसे तो लोभाने भरीत नाही हो. अडकलेले सोडविण्यासाठी भरतो. आणि घरी बोलायची लाज वाटते, म्हणून एकटाच भरतो.

"शेवटचे पैसे केव्हा गेले?" मी विचारले. "दोन तास झाले." मग रागवायला वेळच नव्हता. १९३० हा सरकारी क्रमांक त्याला लगेच फिरवायला लावला. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार होते. असला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतो. तो काढून घेण्याआधी तक्रार पोचली, तर बँक तो तिथेच रोखून धरू शकते. म्हणून सकाळची वाट पाहायची नाही.

दुसरी गोष्ट त्याने चाचरत सांगितली. नुकसान भरून निघावे म्हणून 'तुझे बँकखाते आम्हांला भाड्याने दे' असेही बाईंनी सुचविले होते. नशीब, दिले नाही! अशा खात्यात दुसऱ्या कुणाचे लुबाडलेले पैसे येतात, आणि पोलीस शोधीत येतात ते खातेदाराच्या दारी. भाच्याचे पैसे गेले, ती खातीही बहुधा अशाच कुणा पोरांची असतील.

आणि त्या गोडबोल्या बाई? कोण जाणे, त्याही कुणाच्या तावडीत असतील. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून अधिक भारतीय परत आणले. परदेशी नोकरीच्या आमिषाने नेऊन म्यानमारमधल्या अड्ड्यांवर लोकांना फसविण्याच्या कामाला जुंपलेली माणसे होती ती.

बाकी युक्त्या थोडक्यात सांगतो. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे आपले जाणार. आणि 'डिजिटल अटक' नावाची अटक आपल्या कायद्यात नाही. फोनवर गणवेश दिसला म्हणून घाबरायचे कारण नाही.

भाच्याच्या पैशांपैकी ९,००० एका बँकेत रोखले गेले आहेत; ते सोडविण्यासाठी अर्जविनंत्या चालू आहेत. उरलेले गेले. आईला शेवटी त्याने स्वतःच सांगितले. ताई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने फी भरली, आणि परवा फराळाचा डबा रवाना झाला, त्यात चकल्या नेहमीपेक्षा जास्तच होत्या.