सैनिकाच्या घरचा रविवार

समाजाच्या मनातील सैनिकाची प्रतिमा दोन-तीन ठराविक चित्रांची बनलेली असते. संचलनात ताठ मानेने चालणारा सैनिक, बर्फाळ चौकीवर पहारा देणारा सैनिक आणि तिरंग्यात लपेटून गावी परतणारा सैनिक. ही चित्रे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. पोराला खांद्यावर बसवून बागेतला मोर दाखविणारा, फुग्यासाठी हटून बसलेल्या मुलीपुढे शरणागती पत्करणारा, बायकोच्या हातातील पिशवी आपल्या हाती घेणारा सैनिक त्यांत कोठेच दिसत नाही. कुटुंबाला घेऊन दोन घटका बाहेर जाणे ही इतरांच्या घरी इतकी साधी गोष्ट असते, की तिची कोणी दखलही घेत नाही. सैनिकाच्या घरी मात्र ती मोजूनमापून मिळते. म्हणूनच तिचा विचार गंभीरपणे करावयास हवा.

या मोजमापाचा हिशेब सोपा आहे. सैन्यातील नेमणुका ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. शांततेच्या ठाण्यावर, म्हणजे ज्याला पलटणीत 'पीस' म्हणतात तेथे, क्वार्टर उपलब्ध झाल्यास कुटुंब जवळ ठेवता येते. 'फील्ड'मध्ये, म्हणजे सीमेवर वा अशांत प्रदेशात, ते नेता येत नाही. जवानाला वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. पण रजा हा सैन्यात हक्क मानला जात नाही; पलटणीची गरज आधी, रजा नंतर. एखाद्या मुलाच्या पहिल्या पाच वर्षांपैकी तीन वर्षे बाप फील्डवर राहिला असे समजू. सारी रजा मिळाली आणि तिचा एकही दिवस प्रवासात गेला नाही असे धरले, तरी छत्तीस महिन्यांत बाप घरी असतो तो नऊ महिने. उरलेले सत्तावीस महिने मुलाच्या दृष्टीने बाप म्हणजे भिंतीवरचा फोटो आणि फोनवरचा आवाज. अलीकडे मोबाइलच्या पडद्यावर चेहराही दिसू लागला आहे, हे खरे. परंतु पडद्यावरच्या चेहऱ्याच्या खांद्यावर बसून जत्रा पाहता येत नाही.

छावणीतले दिवस

शांततेच्या ठाण्यावरील दिवस हे सैनिकाच्या घरचे सुगीचे दिवस होत. छावणीतील रुंद रस्ते, जुनी झाडे, मुलांसाठी केलेली छोटी बाग, कॅन्टीन आणि सर्व धर्मांच्या प्रार्थनेचे एकत्रित स्थळ एवढ्या परिघात कुटुंबाची संध्याकाळ आनंदात जाते. महिन्याच्या सामानासाठी कॅन्टीनला जाणे हीसुद्धा लहान मुलांच्या लेखी सहलच असते. साबण-तेलाच्या रांगेत बाप उभा राहतो, आणि रांग संपल्यावर मिळणाऱ्या बिस्किटाच्या पुड्याकडे मुलाचे डोळे लागलेले असतात.

महाराष्ट्रात छावण्यांची परंपरा जुनी आहे. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर या ठिकाणी अनेक पिढ्यांतील सैनिकांची मुले लहानाची मोठी झाली. पुण्यातील कितीतरी लष्करी कुटुंबांचा रविवार एम्प्रेस गार्डनमधील प्रचंड वृक्षांखाली शिदोरी सोडून साजरा झालेला असेल. पेशवे पार्कातील 'फुलराणी' ही चिमुकली आगगाडी १९५६ साली सुरू झाली. नगरवासीयांच्या मुलांप्रमाणेच पलटणीतल्या मुलांनीही तिच्यासाठी रांगा लावल्या. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. तेथील कॅम्पातील मंदिराला लोकांनी 'मिलिटरी महादेव' असेच नाव देऊन टाकले आहे. देवदर्शन आणि मुलांचे खेळणे या दोन्ही गोष्टी एकाच फेरीत साधण्याची आपल्याकडील गृहिणींची जुनी हातोटी अशा ठिकाणी उपयोगी पडते.

काही स्थळे अशी आहेत, की तेथे सैनिकाचे मूल आणि इतरांचे मूल यांच्या पाहण्यातच अंतर पडते. नगरच्या चिलखती दलाच्या केंद्राजवळ १९९४ साली रणगाड्यांचे संग्रहालय उघडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आणि नंतरचे रणगाडे तेथे उघड्यावर मांडून ठेवले आहेत. पुण्यात नागरिकांच्या वर्गणीतून उभारलेले युद्धस्मारक १९९८ साली खुले झाले. सामान्य घरातील मूल रणगाड्यापुढे आश्चर्याने उभे राहते. चिलखती दलातील हवालदाराचा मुलगा मात्र तो बापाच्या कामावरचा एक ओळखीचा जिन्नस म्हणून पाहतो आणि आईस्क्रीम केव्हा मिळणार हे विचारतो. स्मारकावर कोरलेल्या नावांपाशी आल्यावर आई चालण्याचा वेग किंचित वाढविते. मुलाला अजून अक्षरे वाचता येत नाहीत, हे तिला त्या क्षणी बरे वाटत असते.

बाप फील्डवर गेल्यावर छावणीत राहिलेल्या बायकांचा रविवार निराळा असतो. अशा कुटुंबांसाठी काही शहरांतून स्वतंत्र क्वार्टर्स राखलेली असतात. तेथे एकमेकींच्या आधारानेच दिवस काढावे लागतात. तिघी-चौघी मिळून रिक्षा ठरवितात आणि पोरांचा तांडा घेऊन बागेत जातात. त्यांत एक कोल्हापूरकडची, एक केरळातली, एक हरियाणातली, एक गढवालची. सगळ्या मुलांना सगळ्याच जणी 'आंटी'. घसरगुंडीवर मुले हिंदीत भांडतात आणि हिंदीतच गट्टी करतात. देशाच्या एकात्मतेवर व्याख्याने पुष्कळ होतात. ती इतक्या सहजपणे दुसरीकडे क्वचितच दिसेल. याची एक किंमतही असते. सुटीत गावी गेलेल्या नातवाशी कोणत्या भाषेत बोलावे, असा प्रश्न मग एखाद्या आजीला पडतो.

गावाकडचे घर

तथापि छावणीतील चित्र हे अर्धेच चित्र आहे. असंख्य जवानांची कुटुंबे गावीच राहतात. घरची शेती, म्हातारे आईबाप आणि क्वार्टरची प्रतीक्षायादी ही त्याची कारणे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव 'मिलिटरी' या नावानेच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ सैनिक कामी आले. अशा गावांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले वाढली ती आजोबांच्या बोटाला धरून. बाप हा पाहुण्यासारखा येई आणि पाहुण्यासारखा जाई.

हा पाहुणा रजेवर आल्यानंतर काय घडते ते पाहण्यासारखे आहे. पोरांच्या मनात त्याच्या येण्याआधीच बेत ठरलेले असतात. सज्जनगडावर जायचे, पालच्या खंडोबाची यात्रा गाठायची, साताऱ्यात सिनेमा पाहायचा. बापाच्या मनात मात्र दुसरीच यादी असते. सातबारावर वारसाची नोंद राहिली आहे. बांधाचा वाद चिघळला आहे. बँकेत सही जुळत नाही म्हणून काम अडले आहे. शिधापत्रिकेत धाकटीचे नाव घालायचे आहे. बहिणीच्या लग्नाची बोलणी आहेत. विहिरीची मोटर जळाली आहे. मग तलाठी भेटतो तर सर्कल अधिकारी भेटत नाहीत, आणि दोघेही भेटले तर संगणक बंद असतो. 'परवा या' या दोन शब्दांत सैनिकाच्या रजेतील दोन दिवस खर्ची पडतात. गावात वर्षभर राहणाऱ्या माणसाला 'परवा' म्हणजे एक फेरी. ज्याच्या हाती मोजके दिवस आहेत, त्याच्या दृष्टीने 'परवा' म्हणजे मुलांना कबूल केलेला सज्जनगड. रजा संपते, ट्रंक भरली जाते आणि 'पुढच्या खेपेला नक्की' या आश्वासनावर मुलांची बोळवण होते. पुढच्या खेपेला मूल वर्षाने मोठे झालेले असते आणि त्याला खांद्यावर बसायचे नसते.

ही हळहळ केवळ भावनिक नाही. आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास मुलाला परक्या माणसाची भीती वाटू लागते, हे बालमानसशास्त्रातील सर्वमान्य निरीक्षण आहे. नेमक्या त्या वयात रजेवर आलेल्या बापाकडे पाहून मूल रडते आणि बापाच्या मनाला ते लागते. मुलाचे त्यात काही चुकत नाही. बापाचाही दोष नसतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोइस मीक स्टोल्झ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, वडील आघाडीवर असताना जन्मलेल्या मुलांचा अभ्यास करून १९५४ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील निष्कर्ष आजही विचार करावयास लावणारे आहेत. परतलेल्या बापांना आपले थोरले मूल आईने लाडावून ठेवले आहे असे वाटे. ते त्याला शिस्त लावू पाहत, आणि मूल आणखीच दूर जाई. युद्धानंतर जन्मलेल्या धाकट्याशी मात्र त्याच बापाचे सहज जुळे. म्हणजे प्रेमात उणेपणा नव्हता. ओळख व्हायलाच अवधी मिळाला नव्हता.

ओळख होते ती शिस्तीने होत नाही, उपदेशाने तर नाहीच. ती होते बरोबर हिंडण्याने. बसमध्ये खिडकीची जागा मुलाला देऊन शेजारी बसलेला बाप, दमलेल्या मुलीला उचलून घेणारा बाप, वाट चुकल्यावर हसणारा बाप हाच मुलाच्या मनात घर करतो. एखाद्या लहानशा सहलीत जे साधते, ते घरातल्या चार दिवसांच्या दरडावणीत साधत नाही.

जबाबदारी कोणाची?

यावर एक आक्षेप घेतला जाईल. घरापासून दूर राहणारा बाप केवळ सैनिकच असतो काय? जहाजावरचा खलाशी, आखातात गेलेला कामगार, परराज्यांत ट्रक घेऊन जाणारा चालक यांची मुलेही बापाची वाट पाहतातच. हे अगदी खरे आहे आणि त्यांचे दुःख कमी लेखण्याचे कारण नाही. फरक आहे तो इतकाच, की सैनिकाला आपल्या जाण्या-येण्याविषयी 'नाही' म्हणण्याची मुभा नसते, आणि त्याची प्रत्येक रजा ही अखेरची नसेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. ज्या राष्ट्राच्या आज्ञेने तो जातो, त्या राष्ट्रावर त्याच्या घरी असण्याच्या दिवसांची थोडी जबाबदारी येते.

राज्यकर्त्यांना याची जाणीवच नव्हती असे म्हणता येणार नाही. १९२५ च्या इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्टने, विशेष परिस्थितीत सेवा बजावणाऱ्या सैनिकाला हजर राहता येत नसेल तर त्याच्याविरुद्धचा दावा तहकूब ठेवण्याची तरतूद केली. बदल्यांमुळे होणारी मुलांच्या शिक्षणाची आबाळ लक्षात घेऊन १९६३ साली २० रेजिमेंटल शाळा हाती घेऊन केंद्रीय विद्यालयांचा आरंभ झाला. २०२५ साली राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिकांच्या कुटुंबांना कायदेविषयक साहाय्य देणारी योजना सुरू केली. जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत. तरतुदींची वाण नाही. पण कायदा खटल्यापुरता असतो, आणि रजेचे दिवस खटल्यात जातात त्यापेक्षा खेट्यांत अधिक जातात.

खेटे वाचविणे हे दिल्लीच्या हाती नाही; ते टेबलापलीकडे बसलेल्या माणसाच्या हाती आहे. 'रजा अमुक तारखेपर्यंत' एवढे वाक्य अर्जावर दिसताच जो कारकून ते काम वर काढील आणि एका फेरीत कोणकोणती कागदपत्रे लागतात ते एकदाच सांगेल, तो कोणताही नियम न मोडता एका मुलाला त्याचा बाप दोन दिवस अधिक देईल. वडील रजेवर आले म्हणून चार दिवस न आलेल्या मुलाकडे शिक्षकांनी हजेरीपटाच्या चष्म्यातून पाहू नये. परत आल्यावर 'कोठे गेला होतास, काय पाहिलेस?' असे वर्गापुढे विचारावे. त्या चार दिवसांतील धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. शाळेची सहल काढताना ज्या मुलीची आई एकटीच घर सांभाळते आहे, तिचे नाव पैशांअभावी वा सोबतीअभावी यादीतून गळणार नाही, एवढे पाहणेही अवघड नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आळीतील अशा एखाद्या घरची कागदपत्रांची कामे करून दिली, तर राष्ट्रीय सेवेचे ते एक चांगले रूप ठरेल.

सैनिकाचा गौरव करण्यास आपला समाज उत्सुक असतो. पंधरा ऑगस्टला आपण त्याला हार घालतो, श्रीफळ देतो, त्याच्यावर भाषण करतो. या सत्काराच्या समारंभालाही, बारकाईने पाहिले तर, त्याच्या रजेतील अर्धा दिवस लागतो आणि मुले मांडवाच्या कडेला ताटकळत उभी असतात. तो अर्धा दिवस त्यांना परत मिळेल अशी व्यवस्था समाजाने करावी. जो देशाच्या सीमेवर उभा राहतो, त्याला स्वतःच्या मुलापुढे स्वतःची ओळख करून द्यावी लागू नये, ही अपेक्षा काही फार मोठी नाही.