पिलांसाठीं घरगुती ऊबघर

देशी कोंबडी आपल्या पंखांखालीं दहाबारा पिलें सहज वागवते. तिच्याकडे घटकाभर लक्ष देऊन पाहिलें, तर एक गोष्ट ध्यानांत येते. पिलें सदासर्वदा पंखांखालीं बसून राहत नाहींत. तीं बाहेर येतात, दाणा टिपतात आणि गारठलीं कीं पुन्हां पंखांत शिरतात. आई त्यांस ऊब देते, परंतु उबेंत कोंडून ठेवीत नाहीं. एक दिवसाचीं पिलें विकत आणून घरच्या घरीं ऊबघर, म्हणजे ब्रूडर, करणाऱ्या शेतकऱ्यानें हेंच एक तत्त्व पाळलें पाहिजे. तें न पाळल्याचा दंड आम्हीं भरला आहे, म्हणून हा लेख लिहिण्याचें योजिलें.

सन २०१९ च्या जानेवारींत आम्हीं पन्नास पिलें आणलीं. थंडी कडाक्याची होती. आम्हीं लांकडी खोक्यांत तूस पसरलें, झांकणांतून दोनशे वॅटचा दिवा आंत सोडला आणि वारा लागूं नये म्हणून सर्व फटी गोणपाटानें बुजविल्या. आमच्या मतें व्यवस्था उत्तम झाली होती. पहांटे झांकण उघडलें, तों सतरा पिलें चोंची उघड्या टाकून मरून पडलेलीं. उरलेलीं कडेस धापा टाकीत होतीं. त्या सकाळीं घरांतून एकच प्रश्न आला, "खुडूक कोंबडी कधीं दार लावून बसते काय?" त्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. थंडीच्या भीतीनें आम्हींच पिलांस उष्म्यानें मारलें होतें.

त्यानंतर जी रीत आम्हीं धरली, ती अशी. वारा थेट न लागणारी, परंतु हवा खेळती असलेली खोली निवडावी. जमिनीवर दोन इंच भाताचें तूस पसरावें व त्यावर पत्र्याचें किंवा जाड पुठ्ठ्याचें दीड फूट उंचीचें कडें उभें करावें. पन्नास पिलांस पांच फूट व्यासाचें कडें पहिल्या चारपांच दिवसांस पुरतें. पुढें तें वाढवीत जावें. कडें गोलच असावें. चौकोनी केल्यास भ्यालेलीं पिलें कोपऱ्यांत एकमेकांवर चढतात आणि खालचीं गुदमरतात.

दर पिलास दोन वॅट या हिशेबानें पन्नास पिलांस शंभर वॅट लागतात. शंभराचा एक दिवा न लावतां साठांचे दोन लावावे, म्हणजे एक गेला तरी दुसरा राहतो. दिवे जुन्या धर्तीचे, आंत तापणारी तार असलेले, पाहून घ्यावे. हल्लींचे एलईडी दिवे उजेड पुष्कळ देतात, पण ऊब फार थोडी. वीज वांचेल म्हणून ते लावले, तर पिलें लख्ख उजेडांत गारठतात. दिवे कड्याच्या मधोमध, तुसापासून फूट-दीड फूट उंचीवर साखळीनें टांगावे. नुसत्या विजेच्या तारेवर भार देऊं नये. दिवा तुसांत पडला तर आग लागते. पिलें येण्यापूर्वीं निदान बारा तास दिवे लावून ठेवावे.

पहिल्या आठवड्यांत दिव्यांखालीं, पिलाच्या पाठीच्या उंचीवर, ९५ अंश फॅरनहाइट उष्णता असावी. पुढें दर आठवड्यास पांच अंश कमी करावे. त्यासाठीं साखळी थोडी वर घ्यावी. मराठवाडा-विदर्भांत वैशाखांत दिवसा दिवे लावण्याचें प्रयोजनच नसतें. तेथें रात्रीपुरतेच लावावे. उष्णतामापक जवळ असावा, पण त्याहून खरी साक्ष पिलांची. दिव्याखालीं गोळा होऊन तीं चिवचिवाट करूं लागलीं, तर ऊब कमी आहे. कड्यास चिकटून चोंच उघडी टाकलीं, तर ऊब जास्त आहे. सर्व एकाच बाजूस गेलीं, तर दुसरीकडून वारा येत आहे. सर्वत्र पसरून खातपीत असलीं, म्हणजे काम बरोबर आहे. ही साक्ष रात्रीं निजण्यापूर्वीं एकदां व पहांटे एकदां अवश्य घ्यावी.

पिलें येतांच आधीं पाणी पाजावें. त्यांत थोडा गूळ विरघळविला तर प्रवासाचा शीण जातो. दोनतीन तासांनीं मक्याची भरड द्यावी. पाण्याचें भांडें उथळ असावें व त्यांत खडे टाकावे, नाहींतर पिलें बुडतात. तुसावर गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरूं नये. त्यावर पाय घसरून फांकतात. गोणपाट बरें. पांचव्या ते सातव्या दिवशीं राणीखेत रोगाची लासोटा लस डोळ्यांत किंवा नाकांत थेंबानें द्यावी. पुढील लशींविषयीं पशुवैद्यास विचारावें.

वीज रात्रींच जाते, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. यासाठीं कढत पाण्याच्या दोनतीन बाटल्या गोणपाटांत गुंडाळून कड्यांत ठेवाव्या व दर दोन तासांनीं बदलाव्या. बंद खोलींत कोळशाची शेगडी मात्र कदापि ठेवूं नये. तिचा विषारी वायु पिलांस मारतोच, तेथें निजलेल्या माणसासही सोडीत नाहीं. उंदीर, मांजर व मुंगूस यांसाठीं खिडकीस बारीक जाळी लावावी.

या रीतीनें मागील हिवाळ्यांत आणलेल्या पन्नासांपैकीं अठ्ठेचाळीस पिलें अंगावर पिसें येईपर्यंत जगलीं. यांत आमचें चातुर्य कांहींच नाहीं. दिवा मधोमध ठेविला, कडेस थंड जागा सोडली, आणि कोठें बसावें हें पिलांवर सोंपविलें. ज्या बांधवांनीं या हिवाळ्यांत पिलें आणण्याचें मनांत घेतलें असेल, त्यांनीं पैसे मोजण्यापूर्वीं आपल्याच अंगणांतील खुडूक कोंबडीजवळ घटकाभर बसावें, एवढीच विनंति आहे.