एका पिंजऱ्यात दोन नर

फ्रिजचं दार उघडलं की आमच्या घरात एक शिट्टी वाजायची. कुकरची नव्हे, बादशाची. बादशा म्हणजे आमच्या नातीचा गिनीपिग. गेल्या पावसाळ्यात त्याचा भाऊ वजीर गेला आणि ती शिट्टी बंद झाली. कोथिंबीर समोर धरली तरी बादशा कोपऱ्यातच बसून राही. नात विचारायची, ‘‘नाना, तो आता बोलत का नाही?’’

नाव गिनीपिग असलं तरी हा प्राणी गिनी देशातला नाही आणि डुकराच्या जातीचा तर मुळीच नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात माणसानं त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलं. हा गोतावळ्यात राहणारा जीव. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ च्या नियमांनी त्याला एकटं पाळायला मनाई केली आहे.

तेव्हा मी बाजारातून दोनेक महिन्यांचा दुसरा नर आणला. मादी आणली असती तर दोन-सव्वादोन महिन्यांत घरात पाळणा हलला असता! आणि त्याच संध्याकाळी त्याला सरळ बादशाच्या पिंजऱ्यात सोडलं. पाहुणा आला, त्याला घर दाखवलं, एवढाच माझा हिशेब. पाच मिनिटांत नव्याच्या कानातून रक्त आलं. सोडवायला हात घातला, तर माझंही बोट फुटलं. नात रडत होती आणि बेगम माझ्याकडे नुसती पाहत होती.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, ‘‘वय बरोबर निवडलंत, जागा चुकली.’’ मोठा नर लहान पिल्लाला बहुधा सामावून घेतो. पण स्वतःचा वास असलेल्या जागेत नाही. शिवाय नव्या प्राण्याला आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचं असतं, कारण सर्दी, खरूज असले रोग लगेच दिसत नाहीत. ते तर मी चुकवलंच होतं. तरी कान भरेपर्यंत दोघांना वेगळं ठेवलं, मग पिंजरे वीतभर अंतरावर शेजारी मांडले. जाळीतून वास घेणं, आवाज ऐकणं सुरू झालं.

भेट घडवली ती गॅलरीत, जिथं दोघांपैकी कुणाचाच हक्क नव्हता. जुनी चादर अंथरली, मधोमध गवताचा ढीग ठेवला. (रोजच्या दूर्वांच्या जुड्या पाहून फुलवाली मावशी विचारते, ‘‘चाचा, तुमच्याकडे बारा महिने गणपती असतो का?’’) बादशा घुरघुरत, कंबर हलवत त्याच्याभोवती फिरला, पाठीवर चढला. माझा जीव वर-खाली होत होता. पण हे भांडण नव्हे. थोरला कोण, ते ठरत असतं. त्यात दर वेळी मध्ये पडलं की ते ठरतच नाही. दात कटकट वाजू लागले, मानेवरचे केस उभे राहिले, तर मात्र सावध व्हावं. रक्त दिसलं की ताबडतोब वेगळं करायचं. हातानं नाही, जाड टॉवेल टाकून. दोन-तीन तासांनी दोघं एकाच ढिगातून गवत ओढू लागले.

मग पिंजरा व्हिनेगरच्या पाण्यानं धुऊन काढला. पाच फूट लांब, दोन फूट रुंद. दोन नरांना त्याहून कमी जागा नको. पाण्याच्या बाटल्या दोन, वाट्या दोन, लपायची खोकी दोन, आणि प्रत्येक खोक्याला दोन दारं, म्हणजे कुणी कोंडीत सापडत नाही. ढोबळी मिरचीचे तुकडे रोज दोघांना वेगवेगळे द्यायचे. माणसाप्रमाणेच या प्राण्यालाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही.

परवा फ्रिज उघडला तेव्हा शिट्टी वाजली. बेगम स्वयंपाकघरातूनच म्हणाली, ‘‘अजी, ऐकलंत का?’’

नवा आता चार महिन्यांचा झालाय. या वयात नर अंगात आल्यासारखे वागतात, मिटलेली भांडणं पुन्हा उकरून काढतात. म्हणून जुना पिंजरा भंगारात दिला नाही, धुऊन माळ्यावर ठेवलाय.