डोंगरची नाचणी आणि शिध्याचे धान्य
जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागातील आहाराविषयी काही विचार

जुन्नरच्या लेण्यांतील एका ब्राह्मी शिलालेखात सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके यांच्या दानाची नोंद आहे. हे दान कोणा राजाचे नसून धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीचे आहे. नाणेघाटाची वाट सातवाहनांच्या काळात गजबजलेली होती. त्या काळापासून या प्रदेशात धान्य पिकत आले, विकले गेले आणि त्यातून धर्मकार्यही घडले. अशा या धान्याच्या मुलखातील डोंगरी भागात आज एक प्रश्न उभा आहे. आपल्या उतारावर पिकणारे धान्य आपण खावे की नाही, आणि खावयाचे तर ते टिकावे कसे, हा तो प्रश्न होय.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांचे सरळ दोन भाग पडतात. पूर्वेकडे कुकडी प्रकल्पाचे कालवे आहेत. नारायणगावचा टोमॅटो, ओतूरचा कांदा, मंचर भागातील बटाटा आणि गावोगावचा दुधाचा धंदा यांनी हा भाग सर्वांना परिचित आहे. पश्चिमेकडे नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या बाजूस सह्याद्रीच्या कड्यापर्यंत पाऊस मुबलक, माती उथळ आणि जमीन उताराची आहे. येथील महादेव कोळी, ठाकर व कातकरी कुटुंबे खाचरांत भात लावतात आणि वरकस जमिनीवर नाचणी, वरई व खुरासणी घेतात. धरणे याच भागात आहेत. त्यांचे पाणी मात्र बहुतांशी पूर्वेस जाते. पश्चिमेची शेती मृगाच्या भरवशावरच राहिली आहे.

हलके धान्य ते पौष्टिक तृणधान्य

नाचणी व वरई यांस आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘हलके धान्य’ म्हणत आलो. सरकारी कागदांत ‘भरड धान्य’ हा शब्द रूढ होता. घरी पाहुणा आला म्हणजे भात करावा आणि नाचणीची भाकरी झाकून ठेवावी, अशी रीत पडली. शब्दांचा परिणाम ताटावर कसा होतो, त्याचे हे उदाहरण आहे. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र शासनाने राजपत्रात या धान्यांना ‘पौष्टिक तृणधान्ये’ असे नाव दिले. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने या पिकांसाठी दोनशे कोटी रुपयांची तरतूद असलेले अभियान हाती घेतले.

नाव बदलले, परंतु गुण पूर्वीपासूनच होते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो. तेवढ्याच गव्हाच्या आट्यात तो सुमारे ३१ मिलिग्रॅम आणि सडलेल्या पांढऱ्या तांदळात अवघा ७ ते ८ मिलिग्रॅम असतो. प्रौढ माणसास दररोज सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियमची गरज धरली, तर १०० ग्रॅम पिठाच्या भाकऱ्यांतून तिचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग मिळतो. दूधदुभते कमी असलेल्या घरी ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि या धान्यांची स्तुती करताना तारतम्य सोडू नये. लोहाच्या बाबतीत नाचणी (सुमारे ४.६ मिलिग्रॅम) आणि गव्हाचा आटा (सुमारे ४.१ मिलिग्रॅम) यांत फार अंतर नाही. स्त्रीची दररोजची लोहाची गरज २९ मिलिग्रॅम धरली जाते. ती केवळ नाचणीने भागणार नाही. नाचणीतील काही घटक चुना व लोह यांचे शोषण अंशतः अडवितात. म्हणून नाचणी हे औषध आहे, ती खाल्ली की सर्व रोग जातात, असा प्रचार कोणी करीत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. नाचणी हे उत्तम अन्न आहे, आणि तेवढे पुरेसे आहे.

शिध्याने काय दिले, काय बदलले

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लोकांनी परदेशातून आलेला तांबडा मिलो खाऊन आणि कामावर मिळालेल्या सुकडीवर दिवस काढले. ज्यांनी ती वर्षे पाहिली, त्यांना शिध्याच्या दुकानाचे मोल सांगावे लागत नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्याचा हक्क दिला. त्या वेळी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर ठरले होते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य मिळू लागले. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होत असे. त्या दिवसांचे भय यामुळे पुष्कळ कमी झाले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

परंतु प्रत्येक सोयीबरोबर एक बदलही येतो. कायद्यात भरड धान्याचे नाव असले, तरी दुकानात मुख्यतः तांदूळ व गहूच येत राहिले. गहू हे डोंगराचे पीक नव्हे. घरात विनामूल्य गहू-तांदूळ आल्यावर उतारावर वाकून नाचणीची रोपे लावावयाची कशासाठी, असा विचार तरुण माणसाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. देशातील नाचणीखालील क्षेत्र १९६० च्या दशकाच्या मानाने सुमारे निम्म्यावर आले, त्याच्या कारणांत हेही एक कारण आहे.

यावर दोन मते मांडली जातात. एक पक्ष म्हणतो की, भूक भागविणे हे शिध्याचे काम आहे. जे धान्य स्वस्त, टिकाऊ व मुबलक असेल, तेच द्यावे. दुसरा पक्ष म्हणतो की, जेथे जे पिकते तेच तेथे खरेदी करावे आणि तेथेच वाटावे. या दुसऱ्या मताला आधार नाही असे नाही. कर्नाटकात नाचणी शिध्यातून दिली जाते. ओडिशा राज्याने २०१७ पासून आदिवासी जिल्ह्यांत नाचणीची खरेदी करून ती शिध्यात व अंगणवाडीच्या आहारात आणली. आपल्याकडे असा प्रयोग करावयाचा झाल्यास खरेदीचा काटा डोंगराजवळ आला पाहिजे. नाचणीची आधारभूत किंमत २०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलला ४,८८६ रुपये आणि खुरासणीची ९,५३७ रुपये जाहीर झाली. वरईचे नाव मात्र त्या यादीत नव्हते. शिवाय किंमत जाहीर होणे आणि गावाजवळ त्या किमतीने माल घेतला जाणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. चार पोती नाचणी घेऊन घाट उतरणाऱ्या शेतकऱ्यास दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते.

पोषकयुक्त तांदळाविषयी

१५ ऑगस्ट २०२१ रोजी शिधा व शालेय आहार यांतून पोषकयुक्त तांदूळ देण्याची घोषणा झाली आणि मार्च २०२४ पर्यंत तो देशभर पोहोचविण्यात आला. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्राने दाणे तयार करतात आणि सामान्यतः शंभर दाण्यांत असा एक दाणा मिसळतात. हे दाणे रंगाने व वजनाने किंचित निराळे असल्याने ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ आला अशी आवई अनेक ठिकाणी उठली आणि गृहिणींनी ते दाणे निवडून टाकून दिले. असा दाणा प्लॅस्टिकचा नसतो. तो तांदळाच्याच पिठाचा असतो.

याचा अर्थ सर्व शंका निराधार होत्या असा मात्र नाही. सिकलसेल व थॅलेसेमिया हे रक्ताचे विकार असणाऱ्यांनी अधिक लोह घेण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा लागतो, आणि सिकलसेल आदिवासी समाजांत आढळणारा विकार आहे. त्यामुळे सरसकट सर्वांना एकच धान्य द्यावे काय, हा प्रश्न जाणकारांनी उपस्थित केला, तो योग्यच होता. तसेच केवळ दाण्यात लोह घालून रक्त वाढते की आहारात विविधता आणल्याने, याविषयीही मतभेद आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांहून अधिक नसावा, असे सांगितले आहे. म्हणजे तांदूळ कोणता, या वादापेक्षाही तांदळाच्या शेजारी ताटात काय आहे, हे अधिक महत्त्वाचे ठरते. भाताच्या काढणीनंतर खाचरात घेतलेला हरभरा, मसूर वा वाल, परसातील शेवग्याचा पाला, पावसाळ्यातील रानभाज्या, अंडी आणि ओढ्यातील मासळी हे सर्व याच विचारात येते.

उतार, पडकई आणि माळीण

आहाराचा विचार जमिनीपासून वेगळा करता येत नाही. या भागात शेजारीपाजारी एकत्र येऊन उतारावर बांध घालून खाचर तयार करतात. त्यास ‘पडकई’ म्हणतात. उताराच्या वरकस जमिनीची भातजमीन होते, म्हणून पुढे शासनानेही या कामास साहाय्य दिले. भाताचे महत्त्व वाढले, तशी खाचरे वाढली. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर दरड कोसळली आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. अतिवृष्टी, डोंगराची घडण, पाण्याचा निचरा यांबरोबरच उतारावरील सपाटीकरणाचाही त्यानंतरच्या चर्चेत उल्लेख झाला. एका कारणावर सर्व भार टाकणे बरोबर नाही. परंतु एवढा बोध घेतलाच पाहिजे की, प्रत्येक उतार भातासाठी नसतो. मोठी यंत्रे लावून तीव्र चढावर खाचरे पाडू नयेत. मध्यम उतारावर समपातळीच्या ओळींत नाचणी घ्यावी, बांधावर गवत व झाडे राखावीत, आणि फार तीव्र उतार हिरड्यास व रानास सोडावा.

भगर आणि अन्नाचा कायदा

१९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन आता २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा लागू आहे. शेतकरी आणि त्याच्या शेतातील पीक यांस हा कायदा लागू होत नाही, असे त्याच्या १८ व्या कलमात म्हटले आहे. परंतु वरई भरडून, पिशवीत भरून विकण्याचा धंदा सुरू केला की कायद्याचा संबंध येतो. १ सप्टेंबर २०२३ पासून वरई व नाचणीसह पंधरा तृणधान्यांसाठी ओलावा, काडीकचरा, किडके व अपक्व दाणे यांच्या मर्यादा घालून देणारी मानकेही लागू झाली.

नियमांनी लहान माणूस भरडला जातो, अशी तक्रार बचत गटांच्या भगिनींकडून ऐकू येते. अर्ज, चिठ्ठीवरील मजकूर आणि ओलाव्याची तपासणी हे सर्व घाटमाथ्यावरून तालुक्याच्या गावी येऊन करणे खर्चाचे आहे, यात शंका नाही. यास्तव एकेकट्याने खटपट करण्यापेक्षा गटाने वा उत्पादक संस्थेने एकच नोंदणी करून काम करणे हिताचे ठरेल. परंतु नियमामागील हेतूही विसरू नये. उपवासाच्या दिवशी भगर खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडल्या आहेत. दमट हवेत साठविलेल्या भगरीवर बुरशी वाढते आणि तिचे विष दाण्यात उतरते. अशी एक घटना घडली की सुट्या भगरीवरचा लोकांचा विश्वास उडतो आणि चांगला माल पिकविणाऱ्या शेतकऱ्याचेही नुकसान होते. म्हणून स्वच्छता हा सरकारी अधिकाऱ्याचा हट्ट मानू नये. ती मालाची पत आहे.

शेतात आणि घरात

शेतकरी बंधुभगिनींनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१. नाचणीची २१ ते २५ दिवसांची रोपे ओळीत लावावीत. महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या कोल्हापूर केंद्राचे ‘फुले नाचणी’ आणि वरईचे ‘फुले एकादशी’ हे वाण लावून पाहावेत. त्याबरोबरच घरचे जुने वाणही थोड्या क्षेत्रात राखून ठेवावे. बियाण्याविषयी नारायणगावच्या कृषि विज्ञान केंद्रात वा सहायक कृषि अधिकाऱ्याकडे चौकशी करावी.

२. कणसे पावसात भिजू देऊ नयेत. मळणीनंतर धान्य कडक वाळवून, जमिनीपासून उंच व कोरड्या जागी ठेवावे. बुरशीचा वास येणारी वरई विकू नये, खाऊ नये आणि जनावरांसही घालू नये.

३. भगरीचे पीठ दळून फार दिवस ठेवू नये. भगर निवडून, धुऊन ताजी शिजवावी. शिजलेली भगर दुसऱ्या दिवसासाठी राखू नये.

४. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळावी. या सत्त्वाची पेज लहान मुलांना पचते आणि मोड आल्याने चुना व लोह यांचे शोषण सुधारते. भाकरीबरोबर लिंबू, कच्चा टोमॅटो वा आवळा असावा. जेवणाबरोबर चहा घेऊ नये. त्याने लोहाचे शोषण कमी होते.

५. विक्रीपूर्वी घरच्या वर्षभराची नाचणी बाजूस काढावी. शहरात नाचणीच्या बिस्किटांस चढा भाव मिळतो, म्हणून सगळे धान्य विकून स्वतः केवळ शिध्याच्या भातावर राहणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

६. वरई सडण्याचे कष्ट बहुधा घरातील स्त्रीच्या वाट्यास येतात. गावात भरडणीचे लहान यंत्र बसविण्याचा ठराव ग्रामसभेने घ्यावा. मुसळाचे काम हलके झाल्याशिवाय वरई ताटात परत येणार नाही.

शिध्याचे धान्य आणि डोंगराचे धान्य यांत वैर नाही. एकाने उपासमार टळते, दुसऱ्याने अंग धरते. शिध्यात काय यावे, दाण्यात काय मिसळावे, नियम किती कडक असावेत, यांवर चर्चा होतच राहील आणि ती झालीही पाहिजे. त्या चर्चेत डोंगरातील शेतकऱ्याचा शब्द पोहोचावयाचा असेल, तर ग्रामसभेत त्याने तो स्पष्टपणे मांडावा. तोपर्यंत एक गोष्ट पूर्णपणे आपल्या हातची आहे. येत्या मृगात वरकस जमिनीचा एक तुकडा नाचणीसाठी राखावा, आणि पाहुणा आला तरी ती भाकरी झाकून ठेवू नये.