उज्जयिनीतील मुलगी आणि जुने बोलपट

प्राचीन ज्योतिर्विदांनी आपली मध्यरेषा जिच्यावरून ओढली, कालिदासाने आपल्या मेघाला जिच्यासाठी वाट वाकडी करावयास लावली आणि शूद्रकाने जिच्या रस्त्यांवर चारुदत्त-वसंतसेनेची कथा घडविली, त्या नगरीत सकाळी घाईघाईने जिरावण भुरभुरलेले पोहे खाऊन, डब्यात पोळी-भाजी भरून, रेल्वेच्या पुलापलीकडे फ्रीगंजात नोकरीला निघालेल्या मुलीकडे कोणा कवीचे किंवा इतिहासकाराचे लक्ष जावे, अशी अपेक्षा करणे कदाचित अन्यायाचे होईल. महापुरुषांनी भरलेल्या गावात सामान्य माणसाला जागा नेहमीच थोडी कमी मिळते. परंतु ही मुलगी रात्री जेवणे आटोपल्यावर जुने कृष्णधवल बोलपट पाहते, त्यांवर मनाशी विचार करते, आणि कधी कधी तो विचार वहीत उतरवूनही ठेवते, म्हणून तिच्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

ही मुलगी कोणा एका घरची नव्हे. माळव्यातील मराठी घरांत जी माणसे दिसतात, त्यांच्यातील अनेकींचे स्वभाव आणि सवयी एकत्र करून मी तिला उभी केली आहे. तेव्हा तिचे आडनाव कोणी विचारू नये. तिचे घराणे मात्र खरे समजावे. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी उज्जयिनीस ठाणे केले, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार करविला, आणि त्या दौलतीच्या पाठोपाठ फडणीस, कारकून, भिक्षुक, शास्त्री, शिलेदार अशी मराठी माणसे दफ्तरे आणि देव्हारे घेऊन क्षिप्रेकाठी येऊन राहिली. पुढे १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरीस नेली. सरकार गेले, पण कारकून राहिले. बायजाबाईंनी बांधलेले गोपाळमंदिर राहिले, वाड्यांच्या ओसऱ्या राहिल्या, आणि घरात मराठी, दारात माळवी, कचेरीत हिंदी असा तिहेरी व्यवहार राहिला. गजानन माधव मुक्तिबोधांसारखा मराठी घरातला मुलगा याच गावात शिकून हिंदी काव्याचा एक प्रवर्तक झाला आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत कवी व कादंबरीकार झाले, यावरून या घरांतील भाषांचा संसार किती सलोख्याचा आहे ते ध्यानी यावे.

तिच्या दिवसाला दोन पंचांगे आहेत. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, माळव्यात पौर्णिमेला. त्यामुळे शेजाऱ्यांचा श्रावण लागून पंधरा दिवस झाले तरी आमच्या मुलीच्या आजीचा आषाढच चाललेला असतो, आणि शेजाऱ्यांचा भादवा लागला तरी आजीचे श्रावणी सोमवार संपत नाहीत. महाकालाने यातून मोठा राजस मार्ग काढला आहे. त्याच्या पालखीच्या सवाऱ्या स्थानिक श्रावणातही निघतात आणि भादव्याच्या कृष्णपक्षातही, म्हणजे मराठी श्रावण संपेपर्यंत निघत राहतात. आणि ही शिंदेशाहीची आठवण आहे असे गावात सर्वजण मानतात. देवाने दोन्ही पंचांगांचा मान राखला, परंतु त्या सोमवारी रस्ते बंद असल्यामुळे नोकरदार मुलीने कचेरीत वेळेवर कसे पोहोचावे, याची तजवीज मात्र त्याने केलेली नाही. २०२२ साली ‘महाकाल लोक’ उभे राहिल्यापासून तर यात्रेकरूंचा ओघ बारमाही झाला आहे. ई-रिक्षावाल्याशी हुज्जत घालणे, संध्याकाळी येताना भाजी आणणे, रविवारी बाफल्यांचे पीठ मळणे, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकाची तीच ती चार पाने पुन्हा वाचणे आणि एखादे स्थळ पाहण्यास इंदूरला जाण्याचा प्रसंग शक्य तितका लांबविणे, या गोष्टींनी तिचा आठवडा भरतो. त्यात खेद करण्यासारखे काही नाही आणि काव्य करण्यासारखेही फारसे नाही.

रात्री मात्र ती आपल्या मालकीची असते. पूर्वी बोलपट पाहणे हा सबंध घराने करावयाचा उद्योग असे. टॉकीजमध्ये जायचे तर बरोबर कोण, परतणार केव्हा, खर्च किती, याची चौकशी घरच्या न्यायासनापुढे होत असे. आता ज्याला सरकारी कागदांत भ्रमणध्वनी म्हणतात आणि जो प्रत्यक्षात बहुतेक वेळ उशाशी पडलेला असतो, त्या यंत्राच्या वीतभर पडद्यावर १९३७ सालचा ‘कुंकू’ ती गच्चीवर बसून एकटी पाहू शकते. प्रभातच्या या चित्रपटात जरठ वराशी फसवून लावलेले लग्न मान्य करण्यास नकार देणारी नीरा, म्हणजे शांता आपटे, पार्श्वसंगीताच्या आधाराशिवाय, घरातल्या नुसत्या साध्या आवाजांत वावरते. घड्याळाची टिकटिक हेच तिथले संगीत. आजीने पाहिला तेव्हा तो चित्रपट सामाजिक प्रश्नावरचा होता. नातीला तो एका घरातील शांततेवरचा वाटतो. मला दोघींचे म्हणणे पटते, पण नातीचे किंचित अधिक.

नूतनवर तिची विशेष भक्ती आहे. ‘सुजाता’ हा १९५९ चा बिमल रॉय यांचा चित्रपट. त्यात सुनील दत्त दूरध्वनीवरून गाणे ऐकवितो, तलत महमूद यांचा कंपित स्वर वाहत राहतो, आणि नूतन काहीही न बोलता केवळ ऐकते. त्या प्रसंगात तिच्या चेहऱ्यावर जे घडते ते लिहून दाखविणे कठीण आहे; आमची मुलगीही वहीत तेवढ्या ओळी रिकाम्या सोडते. चार वर्षांनंतरच्या ‘बंदिनी’तही तेच: कल्याणी कामे करीत असते आणि आपण तिचा विचार पाहत असतो. हिंदी चित्रपटातील स्त्री पुष्कळ रडली, पुष्कळ गायिली, पण ती विचार करताना क्वचितच दाखविली गेली, आणि नूतनने तेवढे एक काम निःशब्दपणे करून ठेवले, असे मला वाटते.

आता कोणी म्हणेल, की उज्जयिनीच्या मुलीने उज्जयिनीवरचे चित्रपट पाहावेत. तेही ती पाहते. विक्रम संवताला दोन सहस्र वर्षे पूर्ण झाली तो १९४३-४४ चा सुमार. पंडित सूर्यनारायण व्यास यांच्या पुढाकाराने या नगरीत विक्रमाच्या स्मृतीचा मोठा जागर झाला, आणि १९४५ साली विजय भट्ट यांचा ‘विक्रमादित्य’ आला, ज्यात पृथ्वीराज कपूर यांनी राजमुकुट धारण केला. (याच भट्टांच्या ‘रामराज्या’त सीता झालेल्या शोभना समर्थ म्हणजे नूतनच्या मातोश्री.) १९५९ मध्ये भारत भूषण ‘कवी कालिदास’ झाले. व्ही. शांताराम यांनी तर राजकमलचा प्रारंभच १९४३ साली कालिदासाच्या कथेवरील, जयश्रीबाईंच्या ‘शकुंतले’ने केला आणि १९६१ मध्ये ‘स्त्री’ या नावाने तीच कथा पुन्हा रंगांत सांगितली. १९८४ मध्ये गिरीश कार्नाड यांनी ‘उत्सव’मध्ये शूद्रकाच्या मृच्छकटिकाची उज्जयिनी सजविली, रेखा वसंतसेना झाली, चोरालाही विद्येचा अभिमान असल्याचे दिसले, आणि या मालिकेत हाच चित्रपट मला सर्वांत जिवंत वाटतो. बाकीच्यांतील उज्जयिनी पुठ्ठ्याच्या खांबांची आहे. तिच्यात राजे न्याय देतात, कवींना श्लोक सुचतात आणि दासी पंखे हालवितात. घाटावर कपडे धुणारी एकही बाई दिसत नाही.

या परंपरेहून निराळा असा एक चित्रपट तिच्या हाती योगायोगाने लागला: मणि कौल यांचा १९७१ चा ‘आषाढ का एक दिन’. मोहन राकेश यांच्या १९५८ सालच्या नाटकावर तो आधारलेला आहे, आणि त्यात मल्लिकेचे काम रेखा सबनीस यांनी तर कालिदासाचे अरुण खोपकर यांनी केले आहे, म्हणजे कथेच्या हिमालयीन ग्रामातील दोन्ही प्रमुख जीव मराठीच. कथा थोडक्यात अशी, की गावातील तरुण कवीला उज्जयिनीच्या राजसभेतून बोलावणे येते, त्याच्यावर प्रेम करणारी मल्लिका त्याला आग्रहाने पाठविते, आणि मग वर्षे जातात. उज्जयिनी रंगमंचावर कधीच येत नाही. सारे काही मल्लिकेच्या घरात घडते. कालिदासाने आपले महाकाव्य लिहावे म्हणून तिने स्वतःच्या हाताने कोरी पाने शिवून ठेवलेली असतात; तो शेवटी परततो, ती पाने उलटतो, आणि अश्रूंनी व नखांच्या खुणांनी ती आधीच लिहिली गेली आहेत असे काव्यमय उद्गार काढतो. या उद्गारावर आजवर प्रेक्षक विरघळत आले. उज्जयिनीच्या बाजूने पाहणाऱ्या आमच्या मुलीला मात्र राग येतो. तिच्या वहीतला प्रश्न साधा आहे: पाने तिच्याच घरात होती, शाई काही दुर्मीळ नव्हती, मग तीच का लिहीत बसली नाही? नाट्यशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न गैरलागू आहे, याची मला जाणीव आहे. तरीही तो खोडून काढावा असे वाटत नाही.

लिहीत बसलेली स्त्री तिला सापडली ती ‘रजनीगंधा’मध्ये, आणि तीही माळव्याचीच निघाली. मन्नू भंडारी यांचा जन्म ३ एप्रिल १९३१ रोजी आजच्या मंदसौर जिल्ह्यातील भानपुऱ्याचा. बालपण अजमेरचे, अध्यापन दिल्लीच्या मिरांडा हाउसमधील, आणि पुढे काही काळ उज्जयिनीच्याच विक्रम विद्यापीठातील प्रेमचंद सृजनपीठाचे अध्यक्षपद. त्यांची ‘यही सच है’ ही कथा रोजनिशीच्या रूपात आहे. कानपूर आणि कलकत्ता अशी दोन गावे आळीपाळीने येतात, आणि गाव बदलले की दीपाचे सत्यही बदलते. कानपुरात संजय खरा, कलकत्त्यास निशीथ खरा. बासू चॅटर्जी यांनी, ज्यांनी आधी मन्नूजींचे पती राजेंद्र यादव यांच्या कादंबरीवर ‘सारा आकाश’ काढला होता, १९७४ साली या कथेचाच ‘रजनीगंधा’ हा चित्रपट केला. गावे दिल्ली आणि मुंबई झाली, निशीथचा नवीन झाला, दीपाच्या जागी विद्या सिन्हा आल्या, आणि आमच्या अमोल पालेकरांचे हिंदी पडद्यावर पदार्पण झाले.

या चित्रपटात घडते काय, असे विचारल्यास उत्तर फार थोडे. संशोधन करणारी एक मुलगी आहे. संजय भेटीला नेहमी उशिरा येतो, आला की कचेरीतील बढतीचे पुराण लावतो, पण निशिगंधाची फुले आणतो. मुलाखतीसाठी ती मुंबईस जाते, तेथे जुना मित्र नवीन तिची सर्व व्यवस्था वेळेवर करतो, आणि जो वेळेवर येतो त्याच्यावर मन जडण्याची भीती निर्माण होते. कोणी कोणाला फसवीत नाही, कोणी मरत नाही. साडी कोणती नेसावी, त्याच्या लक्षात येईल का, तो काही बोलेल का, अशा क्षुल्लक प्रश्नांना येथे पहिल्यांदा कथेच्या मध्यभागी बसविले आहे. राजा न्याय देतो तेव्हा जितका पडदा व्यापतो, तितकाच पडदा येथे एका मुलीच्या वाट पाहण्याला मिळतो. आमच्या मुलीला नेमके हेच हवे होते, कारण तिच्याही दिवसात साम्राज्ये उलथत नाहीत. उलथतो तो फार तर घाईत दुधाचा पेला.

एक गंमत सांगावीशी वाटते. टॅक्सीत नवीनच्या शेजारी बसलेल्या दीपाच्या मनातील घालमेल ज्या गीतातून व्यक्त होते, ते योगेश यांचे आणि सलिल चौधरींनी स्वरबद्ध केलेले गीत मुकेश यांनी गायिले, आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे हिंदी चित्रपटात एका सामान्य स्त्रीचे मन अखेर बोलू लागले, तेही पुरुषाच्या कंठातून! गाणे उत्तम आहे याविषयी वाद नाही. स्त्रीकंठ त्या ठिकाणी अधिक शोभला असता, असेही मला वाटत नाही. मनातील विचाराला स्वतःचाच आवाज असतो असे कोठे आहे? मुलगी मात्र माझ्याशी सहमत होणार नाही.

शेवटाविषयी घरात मतभेद आहेत. मुंबईहून परतलेली दीपा नवीनच्या पत्राची वाट पाहत असते, पत्र येते ते कोरडे, आणि इतक्यात संजय फुले घेऊन दारात उभा राहतो. बढती झालेली असते, दीपा त्याला बिलगते, आणि हेच खरे असे ठरते. आईच्या मते मुलीने योग्य केले, कारण उशिरा येणारा नवरा चालतो, परंतु आज आहे आणि उद्या नाही असा चालत नाही. मुलीचे म्हणणे असे, की दीपाने काहीच ठरविले नाही. जो समोर आला तो खरा झाला, आणि मन्नूजींनी ही दुर्बलता न झाकता मांडली हेच त्यांचे मोठेपण. दोघींचा हा वाद रंगात आला असता जपमाळ बाजूला ठेवून आजीने विचारले, “अगं, पण मुंबईच्या त्या कॉलेजातल्या नोकरीचं काय झालं?” तेव्हा आई आणि मुलगी दोघीही क्षणभर गप्प झाल्या, आणि मग मुलीने चित्रपटाचा शेवट पुन्हा लावला.