उड्डाणाआधीची फॉर्मेशन

पुण्याच्या लोहगाव विमानतळावर प्रवासी विमान धावपट्टीच्या तोंडाशी थांबून राहिलं, की खिडकीतून कधीकधी त्याचं कारणही दिसतं. हवाई दलाची सुखोई-३० एमकेआय विमानं एकामागून एक धावपट्टीवर येत असतात. हा तळ मुळात हवाई दलाचा. प्रवासी वाहतूकही त्याच धावपट्टीवरून चालते. सुखोई उडताना होणारा गडगडाट सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्याआधी जमिनीवर जे चालतं त्याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. फॉर्मेशन दिसते आकाशात, पण तिची जुळणी चाकं जमिनीवर असतानाच होते.

इंजिनं सुरू झाली की लीडर रेडिओवर तुकडीचं नाव पुकारतो. उत्तरादाखल बाकीचे फक्त आपापला क्रमांक सांगतात: टू, थ्री, फोर. तेवढ्यावरून सगळ्यांचे रेडिओ चालू आहेत आणि सगळे निघायला तयार आहेत, हे लीडरला कळतं. चाकांखालचे ठोकळे निघतात आणि विमानं त्याच क्रमानं टॅक्सीवेवर येतात.

इथे पहिला शत्रू म्हणजे खडा. पुढच्या विमानाच्या झोतानं उडालेला खडा, स्क्रू किंवा तारेचा तुकडा मागच्याच्या इंजिनात गेला, तर आतली पाती मोडू शकतात. म्हणून तळावरचे कर्मचारी रांगेनं चालत, जमिनीवर नजर ठेवून असा कचरा वेचतात. टॅक्सी करतानाही विमानं एकमेकांच्या थेट मागे राहत नाहीत. एक टॅक्सीवेच्या डाव्या अर्ध्या भागात, तर पुढचं उजव्या. अमेरिकी हवाई दलात अशा तिरक्या रांगेत साधारण ४५ मीटर अंतर ठेवण्याची पद्धत आहे, सरळ रांगेत त्याच्या दुप्पट. एफ-१६चं हवा ओढणारं तोंड पोटाखाली, जमिनीलगत असल्यामुळे तिथे ही काळजी आणखी महत्त्वाची ठरते.

रशियन अभियंत्यांनी याच खड्यावर विमानातच उपाय शोधला. १९८७मध्ये लोहगावला दाखल झालेल्या मिग-२९ विमानांत जमिनीवर असताना हवेची मुख्य तोंडं झडपांनी बंद होतात आणि इंजिन पंखाच्या मुळाशी, वरच्या बाजूला असलेल्या फटींतून श्वास घेतं. सुखोईत त्या जागी जाळी आहे. विमान जमिनीवर असेपर्यंत ती हवेच्या वाटेत उभी राहते आणि उड्डाणानंतर आत मिटते. गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावरच्या नौदलाच्या मिग-२९केमध्येही झडपांऐवजी जाळीच बसवलेली आहे.

शस्त्रं घेऊन निघालेली विमानं धावपट्टीच्या टोकाशी शेवटच्या तपासणीसाठी थांबतात. तंत्रज्ञ विमानाखाली जाऊन गळती, टायर, झाकणं पाहतात आणि लाल फिती लावलेल्या सुरक्षा-पिना काढून घेतात. तेवढा वेळ वैमानिक दोन्ही हात बाहेरून दिसतील असे वर ठेवतो. चुकूनही एखादं बटण दाबलं जाणार नाही, याची खात्री खालच्या माणसाला त्या हातांवरूनच होते.

मग येते धावपट्टी. तिची रुंदी ४५ मीटर धरली, तर जोडीनं उडणाऱ्या लीडर आणि त्याचा साथीदार, म्हणजे विंगमन, या दोघांच्या वाट्याला प्रत्येकी साडेबावीस मीटर येतात. प्रत्येक जण आपल्या अर्ध्या भागाच्या मधोमध उभा राहतो. एफ-१६चा पंखविस्तार सुमारे १० मीटर, म्हणजे दोन पंखांच्या टोकांमध्ये उरतात जेमतेम साडेबारा मीटर. आडवा वारा जोराचा असेल तर विंगमनला वारा येतो त्या बाजूला उभं करतात. लीडरमागची घुसळलेली हवा मग त्याच्यापासून दूर वाहत जाते.

इथून पुढे बोलणं हातानं आणि मानेनं. लीडर बोट वर करून गोल फिरवतो: इंजिनाचा जोर वाढवा. विंगमन आपले मापक पाहून मान हलवतो. लीडर डोकं मागे नेऊन ठसठशीतपणे पुढे झुकवतो आणि त्याच क्षणी दोघांचे ब्रेक सुटतात. विंगमनची नजर आता धावपट्टीवर नसून लीडरच्या विमानावर असते. त्याचं नाक जितकं उचललं जाईल तितकंच आपलं उचलायचं, त्याची चाकं आत जातील तेव्हाच आपली घ्यायची.

पण हे सगळं जमतं ते लीडरनं आधीच केलेल्या एका गोष्टीमुळे. सगळे ठरलेल्या जोरावर पोचले की तो आपला थ्रॉटल किंचित मागे घेतो. त्यानं पूर्ण ताकद लावली, तर मागे पडलेल्या विंगमनकडे अंतर भरून काढायला काहीच शिल्लक राहणार नाही. १९६१मध्ये सेवेत आलेल्या टी-३८ या प्रशिक्षण विमानावर अमेरिकी वैमानिकांच्या अनेक पिढ्या हेच शिकल्या. विंगमन चुकून पुढे सरकलाच, तर तो नजर समोर वळवून आपलं उड्डाण स्वतंत्रपणे पुरं करतो. कुणाला उड्डाण रद्द करावं लागलं, तरी आपली अर्धी बाजू सोडायची नाही.

वजनदार शस्त्रं लादलेली असतील, धावपट्टी ओली किंवा अरुंद असेल, तर जोडीनं उड्डाण होत नाही. मग १० ते २० सेकंदांच्या अंतरानं एकेक विमान निघतं. ६ जानेवारी २०२० रोजी अमेरिकेतल्या हिल तळावर ५२ एफ-३५ए विमानं धावपट्टीवर दाटीनं उभी केली गेली आणि मग टप्प्याटप्प्यानं उडवली गेली. कमी वेळात किती विमानं आकाशात पाठवता येतात, हे त्यातून पारखायचं होतं.

अंतरानं निघालेल्यांना वर गेल्यावर एकत्र यावं लागतं. लीडर ठरलेला वेग धरून सावकाश वळतो आणि मागचे त्या वळणाच्या आतल्या बाजूनं जवळची वाट धरून त्याला गाठतात. सगळ्यात जास्त मेहनत पडते ती चौथ्याला. लीडरचा थ्रॉटल जरासा हलला की दुसरा आणि तिसरा आपापली जागा सावरतात, आणि शेवटच्या विमानापर्यंत पोचताना तो फरक बराच मोठा झालेला असतो. म्हणून तुकडीचं नेतृत्व करणारा वैमानिक थ्रॉटल हलवताना आणि वळताना हिशेब धरतो तो स्वतःच्या विमानाचा नव्हे, तर आरशातही धड न दिसणाऱ्या चौथ्याचा.