पाहुण्यांसाठी कोलंबीचे गरम टोस्ट

कोकण किनारपट्टीवरील अनेक शेतकरी कुटुंबे आता पर्यटकांची राहण्याजेवण्याची सोय करू लागली आहेत. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण मंजूर केल्यापासून या जोडधंद्याकडे लोकांचे लक्ष अधिक वेधले आहे. पाहुणा बहुधा संध्याकाळी, प्रवासाने थकून येतो आणि जेवणास अद्याप तासाभराचा अवकाश असतो. अशा वेळी बिस्किटांचा पुडा पुढे करण्यापेक्षा कोलंबीचा गरम टोस्ट द्यावा. खर्च बेताचा असून गावची चव पाहुण्याच्या ध्यानात राहते.

या पदार्थाचे सारे यश कोलंबीच्या ताजेपणावर अवलंबून आहे. ताजी कोलंबी हातास घट्ट लागते, तिचे कवच चकचकीत असते व डोके धडास पक्के चिकटलेले असते. डोके सैल झालेली, कवचावर काळे डाग पडलेली अथवा अमोनियासारखा उग्र दर्प येणारी कोलंबी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. मसाल्याने वास झाकतो, दोष जात नाही. बंदरापासून घर दूर असल्यास कोलंबीच्या वजनाइतका बर्फ बरोबर न्यावा. बर्फ वाचविण्याच्या भरात पाहुणा आजारी पडला, तर धंद्याचे नाव जाते व ते पुन्हा मिळविणे कठीण असते.

आठ माणसांस अर्धा किलो कोलंबी पुरे. सोलल्यावर ती वजनाने निम्म्याच्या आसपास भरते. पाठीवरील काळा दोरा काढून, धुऊन बारीक तुकडे करावेत व त्यांस हळद, मीठ लावून ठेवावे. दोन कांदे बारीक चिरून तेलात परतावेत. त्यात वाटलेले आले, लसूण व तीन-चार हिरव्या मिरच्या घालाव्यात. मग कोलंबी टाकून मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटेच परतावी. मांस आतपर्यंत पांढरे व वरून गुलाबी झाले की ती शिजली असे समजावे. त्याहून अधिक ठेवल्यास ती चिवट होते. अखेरीस दोन-तीन आमसुलांचे पाणी व त्यात कालविलेले चमचाभर तांदळाचे पीठ घालून मिश्रण घट्ट करावे. काही जण यात चीज घालतात. कोलंबीची मूळची गोडी त्यामुळे बुजते, असे आमचे मत आहे.

पाव आदल्या दिवशीचा घ्यावा, तो अधिक खुसखुशीत भाजतो. आठ पावांचे आडवे दोन-दोन भाग करून तव्यावर थोड्या तुपात दोन्ही बाजूंनी भाजावेत. पाहुणे बसल्यानंतरच मिश्रण पसरून, वर कोथिंबीर पेरून लगेच वाढावे. आधी लावून ठेवल्यास पाव भिजतो. मिश्रण दोन तासांहून अधिक काळ उघड्यावर ठेवू नये. सोबत कोकमाचे सरबत द्यावे. मासळीबरोबर दूध न घेण्याची रीत पुष्कळ घरी पाळली जाते, तेव्हा चहा मागाहून विचारावा.

वाढण्यापूर्वी एक प्रश्न मात्र अवश्य करावा: कोलंबी, खेकडा कोणास बाधतो काय? काही व्यक्तींच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, क्वचित श्वासही कोंडतो. अशा पाहुण्यासाठी बटाट्याचे मिश्रण वेगळ्या तव्यावर करावे. श्वास कोंडल्यास घरगुती उपाय करीत न बसता तत्काळ दवाखान्यात न्यावे.

पावसाळ्यातील मासेमारीबंदीच्या दिवसांत सोडे वापरावेत. ते कोमट पाण्यात वीसेक मिनिटे भिजवून, रेती राहू नये म्हणून दोन-तीनदा धुवावेत आणि मीठ चव पाहूनच घालावे. वाळूवर पसरून वाळविलेल्या मालापेक्षा उंच मांडवावर जाळीत वाळविलेला माल केव्हाही स्वच्छ. ग्रामसेविकांनी गावातील महिला बचत गटांस या पद्धतीची माहिती जरूर द्यावी.

सोललेली कवचे व डोकी परसात टाकू नयेत. माडाच्या आळ्यात हातभर खोल पुरून वर माती दाबावी, म्हणजे कुत्री उकरीत नाहीत आणि माडास खतही मिळते.